तिसरा महिना लागला की

शिळफाटा, खोपोली
सोमवार, ता. १५ डिसेंबर २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

रविवार, ता. १४ डिसेंबर, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. ही वेळ लिहून ठेव. या वेळी तुझ्या वडिलांनी माझी भरलेली बॅग माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, जिन्याकडे नेतोय. त्याने ती कपाटावर चढवली. धड पायांवर असतानाही माझा हात तिथे पोचला नसता.

मी साडी बदलून, औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मला अकरा ऑक्टोबरला सोडलं, तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते की तिसरा महिना लागला की आजींना आपल्या घरी जायला हरकत नाही. अकरा डिसेंबरला तिसरा महिना लागला. यज्ञेशला सुट्टी हवी म्हणून मी रविवारपर्यंत थांबले. आता तो म्हणतो की डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते, ते म्हणाले होते की तीन महिने झाले की. 'लागला' आणि 'झाला' यांत एका अख्ख्या महिन्याचं अंतर असतं, हे ज्याला मी स्वतः दहावीचं गणित शिकवलं त्या माझ्या भाच्याला कळू नये? विष्णू असता तर त्याने मुलाचा कान धरला असता. पण भाऊ गेला आणि मी त्याच्या मुलाच्या ताब्यात आले.

फसवणूक त्या अकरा ऑक्टोबरलाच सुरू झाली. पनवेलच्या हॉस्पिटलमधून निघाल्यावर चौकला गाडी डावीकडे, कर्जतला माझ्या घराच्या रस्त्याला वळायची. ती सरळ खालापूरकडे गेली. मी विचारलं तर म्हणाला की थोडेच दिवस, आत्या. तेव्हापासून मी या तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टला 'दुरुस्ती चालू' अशी पाटी आहे आणि आता त्या पाटीचाच रंग उडालाय.

इथे माझ्याशी कोणी वाईट वागत नाही, हीच पंचाईत आहे. तुझी आई मला मऊ भात भरवायच्याच बेतात असते. माझा वॉकर धुवायला म्हणून बाल्कनीत जातो आणि दिवसभर वाळत राहतो. ज्याच्या अंगावर धावून जावं असा एकही माणूस या घरात नाही. गादीने अडवलेल्या माणसाने डोकं आपटायचं तरी कुठे?

शिवाय यज्ञेशकडे दुसरं कारण तयार आहे, ते म्हणजे तू. तू माझ्या घरात राहून डिस्क्रीट मॅथ्समध्ये नापास होऊन लागलेल्या केटीचा अभ्यास करते आहेस, मी आले तर तू पुस्तक टाकून माझ्या उशा सरळ करत बसशील, म्हणून तुझा पेपर होईपर्यंत मी हलायचं नाही. म्हणजे माझी सुटका तुझ्या पेपराला बांधलेली. तेव्हा तो पेपर तू सोडवलाच पाहिजेस. कुठे अडतेस ते लिहून पाठव, चुकीचं सोडवलेलं जसंच्या तसं पाठव. फोन करू नकोस. इथे फोन स्पीकरवर लावून मिळतो आणि मी काय म्हणते ते अख्खं स्वयंपाकघर ऐकतं. आणि Σ हे बेरजेचं चिन्ह तोंडाने काढता येत नाही.

लोभ आहेच, तो वाढवत बसण्यापेक्षा उत्तर लवकर धाड.

तुझी,
आत्याआजी


दहिवली, कर्जत
शुक्रवार, ता. १९ डिसेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि. (हे शाळेत पत्रलेखनाच्या मार्कांसाठी पाठ केलं होतं. खऱ्या माणसाला पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं असलं तर लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस.)

तुझं घर ठीक आहे. शेजारच्या गोदाकाकू रोज कुंपणावरून विचारतात की बाई कवा येनार हायेत गं, भांडायला कोनच नाय ऱ्हायलं. मी म्हटलं, माझ्याशी भांडा. तर म्हणाल्या की तुला नाय जमायचं, तू लगेच सॉरी म्हनतेस. न्हाणीघराचं दार मात्र अजून मोडकंच आहे. सुताराला बोलावते म्हटलं तर बाबा म्हणाले, राहू दे. मी पडदा लावून भागवते.

आता माझी लाज. प्रश्न असा होता: k ला 0 पासून n−1 पर्यंत न्यायचं, प्रत्येक वेळी 2k+1 घ्यायचं आणि सगळ्यांची बेरीज n² येते हे इंडक्शनने सिद्ध करायचं. सरांनी वर्गात मध्येच k काढून j आणला, खाली 0 च्या जागी 1 लिहिलं, वर n लिहिलं आणि म्हणाले की हे तर उघड आहे. वर्गात सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. परीक्षेत मी तसंच केलं. खाली 1, वर n, आत 2j+1. त्यावर मोठी लाल फुली.

पुढे आणखी घोटाळा आहे. n साठी खरं मानून n+1 साठी दाखवायचं, म्हणून मी n² मध्ये पुढचं पद मिळवलं. k च्या जागी n+1 घातलं, तर 2n+3 आलं. सगळं मिळून n² + 2n + 3 झालं आणि त्याचा (n+1)² काही केल्या होईना. मी त्याखाली तरीही 'म्हणून सिद्ध झाले' असं लिहून आलेय. हे प्लीज आईला सांगू नकोस.

खरं सांगू? ही बेरीज बघितली की आत गेल्यावर दार मागून लागल्यासारखं होतं. प्रत्येक ओळ बरोबर वाटते आणि बाहेर यायला रस्ता नसतो. पेपर १६ जानेवारीला आहे.

तुझ्या वाट्याच्या लोभातला थोडा मला उसना दे, परीक्षेनंतर फेडते.

तुझी,
तनया


शिळफाटा, खोपोली
गुरुवार, ता. २५ डिसेंबर २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद, आणि नाताळच्या शुभेच्छा.

तुझं उत्तर वाचलं. अक्षर छान आहे. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या की देखण्या अक्षरातली चूक लांबूनही दिसते. 'म्हणून सिद्ध झाले' याबद्दल त्यांनी तुला बाकावर उभं केलं असतं. मला आधी स्वतः उभं राहायलाच वॉकर लागतो, म्हणून या वेळी सोडते.

मला कोणी वय विचारलं तर मी सांगते की त्र्याहत्तर पूर्ण, चौऱ्याहत्तरावं लागलं. आकडे दोन, बाई एक. आता माझी वर्षं ओळीने मांड. 'पूर्ण'ने मोजलीस तर पहिलं वर्ष शून्याचं, कारण नुकत्या जन्मलेल्या पोराचं काहीच पूर्ण झालेलं नसतं. 'लागलं'ने मोजलीस तर तेच वर्ष एकाचं. 'पूर्ण'ला k म्हण, 'लागलं'ला j म्हण. j नेहमी k च्या एक पुढे. मी पाच पूर्ण झाल्यावर कॉन्व्हेंटात गेले, म्हणजेच सहावं लागल्यावर गेले. फाटक तेच, रडणं तेच. आकडा सरकला, घटना जागची हलली नाही.

म्हणून j वरून काही काढायचं असेल तर आधी एक वजा करून k वर यायचं. k च्या जागी j−1. मग 2k+1 चं होतं 2(j−1)+1, म्हणजे 2j−1. खाली 1, वर n, आत 2j−1. तू खालचा आकडा सरकवलास, वरचा सरकवलास आणि आतलं जसंच्या तसं ठेवलंस. तुझ्या मांडणीत मला ज्या दिवशी सहावं लागतं त्याच दिवशी सहा पूर्णही झालेली असतात. असं फक्त तुझ्या वडिलांच्या घरात घडतं.

पटत नसेल तर n ला 3 धर. मूळ बेरीज 1 + 3 + 5, म्हणजे नऊ. तुझी बेरीज 3 + 5 + 7, म्हणजे पंधरा. हे तपासायला चहा गाळण्याइतका वेळ लागतो. तो न घालवता तू अख्खी केटी लावून घेतलीस.

आता तुझा दुसरा घोटाळा. n वरून n+1 वर गेलं की नवं पद कुठलं, हे विचारायचं असतं, ठोकून द्यायचं नसतं. तुझा k शून्यापासून निघालाय. आधी तो n−1 वर थांबत होता, आता n वर थांबतो. म्हणजे नवा आला तो k = n, आणि त्याचं पद 2n+1. n² + 2n + 1 म्हणजे (n+1)², संपलं. तू n+1 घातलंस कारण तो कागदावर डोळ्यांसमोर होता. समोर दिसतो त्यालाच पुढचा समजू नये. कुठून निघालोय ते आधी बघावं.

आता इकडची खबर. यज्ञेशने तीन महिने 'झाले' तर केलेच, पण अकरा जानेवारी जवळ आली तशी त्याला नवी अक्कल सुचली. मी नोव्हेंबरच्या मध्यावर पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिले, तेव्हा तीन महिने तिथून धरायचे म्हणतो. म्हणजे फेब्रुवारी. वर मलाच म्हणतो की आत्या, तीनच तर आहेत, मी कुठे चार म्हणतोय. तू सरकवलंस तेव्हा निदान मार्क गेले. तुला एक नीट कळू दे, तनया. सरकवताना फक्त नावं बदलायची असतात, महिने तेच राहायला हवेत. हा महिनेच बदलतो आणि बेरीज तीच असल्याचं सांगतो.

दुपारी मी बाल्कनीत बसते. समोर डोंगरावरून उतरलेले पाण्याचे जाड नळ आणि खाली हायवे. जो तो मुंबईला नाहीतर पुण्याला निघालेला. कर्जतच्या दिशेला या बाल्कनीची भिंत आहे.

पुढची पाच उदाहरणं सोबत आहेत. सोडवून पाठव. लोभाचा हिशेब उत्तरं बघून करू.

तुझी,
आत्याआजी


दहिवली, कर्जत
शनिवार, ता. १७ जानेवारी २०२६

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि. (आता सवय झाली.)

सुटला! काल पेपरात k दोनपासून n+1 पर्यंत होता आणि आत k−1. आधी तो कच्च्या कागदावर नीट उतरवून घेतला. मग मी ते 'दोनपासून' कोणाचं 'लागलं' आहे आणि कोणाचं 'पूर्ण' ते विचारलं. j म्हणजे k−1 घेतलं, खाली 1, वर n, आत नुसता j. n ला 3 धरून तपासलं, दोन्हीकडे सहा. नवं पद n+1 आलं, तेही ठोकून नाही, मोजून. खाली 'म्हणून सिद्ध झाले' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण ते पहिल्यांदाच खरं होतं.

बाबांना लगेच फोन केला. खूप खूश झाले. मी म्हटलं, मग आता आत्याआजीला आणा. तर म्हणाले, निकाल लागू दे. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, मग उन्हाळा, तिकडे लाइट जाते. मग? पावसात ओल येते, फरशा निसरड्या होतात. मी म्हटलं की बाबा, तुम्ही नुसते n वरून n+1 वर जाताय, थांबणार कुठे? ते म्हणाले की घरात एक आत्या होती ती कमी होती का, आता तू पण.

तुझ्यासारखंच मीही बोलून बघितलं, त्यांच्या अंगावरून जातं. पण कागद आला की ते उभ्याउभ्या दोनदा वाचतात, विजेचं बिल असलं तरी. तू त्यांना पत्र लिही. समोर बसून नाही, पोस्टाने.

आणि हे खरं सांगते, मला इथे एकटीने राहायला फार आवडायला लागलंय. पलंगावर बसून मॅगी खाते, कोणी काही म्हणत नाही. तरीही तू यावंस. अख्खं सेमिस्टर मी इथेच आहे. मॅगी टेबलावर बसून खाईन.

तुझ्या पुढच्या पत्रात लोभ नसला तरी चालेल, गाडी कधी निघतेय ते असू दे.

तुझी,
तनया


शिळफाटा, खोपोली
रविवार, ता. २५ जानेवारी २०२६

ती. आत्या,
सा. न. पुढची अक्षरं विसरलो.

काल पोस्टमन तीन मजले चढून धापा टाकत तुझं पत्र माझ्या हातात देऊन गेला तेव्हा तू समोर बसून वाल सोलत होतीस. वर बघितलंही नाहीस. हर्षलाच ते पोस्टाच्या पेटीत टाकून आली होती म्हणे. या घरात माझ्या बाजूचं कोणीच नाही, बायकोही नाही.

मी दोनदा वाचलं. तू लिहितेस की मी आकडे सरकवतो. हो, सरकवतो. तुझ्याकडून गणित शिकलोय, मला कळतं.

तू पडलीस त्या दिवशी गोदाकाकूंचा फोन आला की दुधाची पिशवी दारात तशीच हाय नि बाई आवाज देत नाय. मी निघालो. पळसदरीच्या पुढचा रस्ता मला अजून आठवत नाही. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या, मग फोडलं. तू फरशीवर होतीस, शुद्धीत होतीस, आणि मला म्हणालीस की चपला बाहेर काढ, फरशी पुसलेली आहे. मी चपला काढल्या, आत्या. मग तुला हात लावला.

आता कुठलीही तारीख ठरवली की मला वाटतं, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाकाकूंचा फोन येणार. म्हणून मी तारीख पुढे ढकलतो. ते दार मीच दुरुस्त करू देत नाही. दुरुस्त झालं की ते पुन्हा आतून बंद होईल.

तुला डांबून ठेवायची मला हौस नाही. पण एकदा झालं ते पुन्हा होणार नाही, हे तू सिद्ध करून दाखव. मी स्वतः गाडी काढतो.

पत्र तुझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवतोय. समोर देववत नाही.

तुझा,
यज्ञेश


शिळफाटा, खोपोली
बुधवार, ता. २८ जानेवारी २०२६

चि. यज्ञेशला,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा नाही, जास्त वेळा. चपलांचं मला आठवत नव्हतं. तुला त्या काढायला लावल्या याचं वाईट वाटून घेणार नाही, फरशी खरंच पुसलेली होती. पण तू काढल्यास, हे वाचून मला वाल सोलता येईनात. हर्षलाने विचारलं तर मी सांगितलं की नखं दुखतात.

तू मागितलेली सिद्धता माझ्याकडे नाही. पुन्हा पडणार नाही हे कोणाच्याच बाबतीत सिद्ध होत नाही, तुझ्याही नाही. पण एकदा पडले म्हणून पुढेही पडेनच, हेही सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून सगळ्या n वर उडी मारायची नाही, हे तुला दहावीत सांगितलं होतं. तेव्हा पुरावा आपल्या दोघांकडेही नाही. तुझ्याकडे भीती आहे आणि माझ्याकडे घर आहे. तुझ्या भीतीला मी हसणार नाही.

माझीही ऐक. मी त्या फरशीवर पडले होते तेव्हा मरणाचा विचार आला नाही. एकच आला, की आता ही माणसं मला इथे राहू देणार नाहीत. ते खरं झालं. तू दार फोडून आत आलास तेव्हाच मला कळलं होतं, म्हणून मी चपलांवरून बोलले असेन. दुसरं काही बोलायला गेले असते तर रडले असते.

आता मी काय सोडते ते बघ. न्हाणीघराचं दार दुरुस्त करून घे, पण त्याला आतून कडी लावू नकोस. या वयात मला तिथे कोणापासून लपायचंय? भिंतीला धरायला दांडे बसव. एक किल्ली गोदाकडे राहू दे, ती तशीही सगळीकडे शिरते. तनया सेमिस्टरभर तिथे आहे. रोज सकाळी दूध आत घेतलं की मी तुला फोन करीन, तू तो स्पीकरवर लावलास तरी चालेल. त्याहून जास्त मला सोडता येणार नाही.

कारण एक गोष्ट मी सोडत नाही. बेरजेच्या चिन्हाखाली कुठून निघालो ते लिहायचं असतं आणि वर कुठे थांबणार ते. तू खालचं दर वेळी नवं लिहिलंस आणि वर n ठेवलास. गणितात n ची हीच थोरवी, तो कितीही मोठा होऊ शकतो. पण तनयासाठी तो ठीक आहे. माझ्याकडे कितीही मोठा n उरलेला नाही, यज्ञेश. दुपारी या बाल्कनीत बसते, संध्याकाळी उठते आणि उरलेल्यातला एक दिवस गेलेला असतो. तू आणि हर्षला तो प्रेमाने घालवता, म्हणून मी इतके दिवस ओरडले नाही. ओरडायला हवं होतं.

तेव्हा वर n नको, तिथे तारीख हवी. तू जवळची लिही, लांबची लिही, मी घासाघीस करणार नाही. फक्त ती एकदा लिहिलीस की कपाटावरच्या बॅगेसारखी पुन्हा वर सरकवायची नाही.

उत्तर लेखी हवं. शनिवार, ता. ३१ जानेवारी, संध्याकाळी सहाच्या आत, चष्म्याच्या घराखाली नाही, माझ्या हातात. त्यात खुशाली नको, डॉक्टर काय म्हणाले ते नको, लोभसुद्धा नको, तो मला माहीत आहे. एक तारीख लिही आणि तिला 'ला' हा प्रत्यय लाव. 'नंतर' नाही, 'पर्यंत' नाही, 'च्या सुमाराला' नाही. नुसतं 'ला'.

तुझी,
सुचेताआत्या